केईएममधल्या हृदयाची आणि मेंदूची शंभर वर्षे

केईएमच्या हृदयविभागाचे नाव निघाले की ऐकणारा हटकून एकच तारीख सांगतो: १६ फेब्रुवारी १९६८. त्या रात्री डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळच्या या महापालिकेच्या रुग्णालयात एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. केप टाउनला क्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. भारतातले हे पहिले. नवे हृदय छातीत धडधडू लागले, आणि रुग्ण सुमारे तीन तासांनी गेला.

शताब्दीच्या स्मरणिकेत ही तारीख ठळक टायपात येणारच, यायलाही हवी. पण सगळा मान तिलाच द्यायला मन तयार होत नाही. परळ-लालबागच्या माणसाचे हृदय, आणि हृदयापेक्षाही त्याचा मेंदू, ज्या कामांनी वाचवला ती त्या रात्रीच्या आधी आणि नंतर झाली. त्यांतल्या बहुतेकांचा फोटो कोणी काढलेला नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

रुग्णालयाच्या जन्माची हकिगत या स्मरणिकेत अन्यत्र विस्ताराने आहेच. इथे एवढेच सांगतो की सातव्या एडवर्डचे स्मारक म्हणून महापालिकेने रुग्णालय बांधले, आणि शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी पैसा देताना शिकवणारे सगळे भारतीयच असले पाहिजेत अशी अट घातली. नाव इंग्रज राजाचे, अट स्वदेशी आणि आराखडा जॉर्ज विटेटचा, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाच्या वास्तुरचनाकाराचा. १९२६ साली दार उघडले तेव्हा अधिष्ठाता होते डॉ. जीवराज मेहता, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते. गांधीजींना तपासणाऱ्या डॉक्टरांतही ते होते, आणि गांधीजींचा रक्तदाब ही तर त्या काळी देशभराच्या काळजीची गोष्ट होती. अधूनमधून तो दोनशेच्या वर जाई. उपाय काय, तर विश्रांती, मौन आणि मातीच्या पट्ट्या. यात हसण्यासारखे काही नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांच्याही डॉक्टरांच्या पेटीत यापेक्षा फार काही नव्हते. वाढलेला रक्तदाब मोजता येत होता, उतरवता येत नव्हता.

तो उतरवण्याचा पहिला भरवशाचा पुरावा ज्यांनी जगापुढे ठेवला त्यांत केईएमचे नाव आहे, आणि ही गोष्ट आपल्याच लोकांना फारशी ठाऊक नसते. डॉ. रुस्तम जाल वकील इथे मानद डॉक्टर होते. सर्पगंधेची मुळी वैद्यांना पूर्वापार माहीत होती. झोप न लागणाऱ्याला, डोके फिरलेल्याला ती देत. तिने रक्तदाब उतरतो हेही कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवले होते. बाजारात तिच्या गोळ्या मिळत, पुष्कळ डॉक्टर त्या देत, आणि गुण येतो असे एकमेकांना सांगत. वकिलांनी सांगण्यावर भागवले नाही. पन्नास रुग्ण घेतले, औषध सुरू करण्याआधीचे आकडे नोंदले, सुरू केल्यावरचे नोंदले, बंद केल्यावरचेही नोंदले. नाक चोंदते, सुस्ती येते, हेही लपवले नाही. तो निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि पाश्चात्त्य डॉक्टर एकदम जागे झाले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

खरा निकाल त्यानंतर दहा वर्षांनी लागला, तोही परळपासून फार लांब. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला तीन औषधे दिली, त्यांतले एक रेसर्पिन. दुसऱ्याला नुसत्या दिखाऊ गोळ्या. १९६७ साली आकडे जाहीर झाले. दिखाऊ गोळ्यांच्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदय निकामी होणे, मृत्यू अशा गंभीर घटनांनी गाठले होते, औषधाच्या गटात फक्त दोघांना. रक्तदाब उतरवला की मेंदू वाचतो हे या आकड्यांनी पहिल्यांदा कोणालाही नाकारता येणार नाही अशा रीतीने सिद्ध झाले. त्या गोळीतला एक धागा आपल्या मेडिकल वॉर्डातून गेलेला आहे. आज रेसर्पिन कोणी फारसे लिहून देत नाही. त्याने मन खिन्न होते आणि त्याहून चांगली औषधे आली आहेत. म्हणून वकिलांचे श्रेय कमी होत नाही. पुढे याच आवारात डॉ. शरदिनी डहाणूकरांनी वनौषधींना आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्या लावायचे काम हाती घेतले. त्यांची झाडाफुलांची पुस्तके मराठी वाचकांना ठाऊक आहेत, पण ही कामगिरी क्वचित आठवते. त्या कामाचे मूळ मला वकिलांच्या त्या पन्नास केस पेपरांत दिसते.

रक्तदाबाच्याच वाटेवर दुसरे नाव डॉ. के. के. दाते यांचे. हृदयविभागाचे प्रमुख असलेल्या या माणसाने १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात निबंध छापला तो शवासनावर. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना सतरंजीवर उताणे निजवून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवले, रोज अर्धा तास. अनेकांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्या अभ्यासातली उणीव. ती चंद्रा पटेल यांनी लंडनमध्ये पुढच्या काही वर्षांत भरून काढायचा प्रयत्न केला आणि त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आले. आज योगाविषयी वाटेल ते दावे होतात, तेव्हा दात्यांचा संयम उठून दिसतो. त्यांनी कुठेही गोळ्या फेकून द्या म्हटले नाही.

आता सेन. कलकत्त्यात जन्मलेले, नागपुरात शिकलेले, मग याच कॉलेजातून डॉक्टर झालेले, हातात ब्रशही तेवढ्याच तयारीने धरणारे. १९५० च्या दशकात त्यांच्यापुढे जो रोग रांगेने येत होता तो श्रीमंतांचा हृदयविकार नव्हता. तो गिरणगावचा होता. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे झोपत. एका पोराचा घसा दुखला की सगळ्या पोरांचा दुखे. घसा चार दिवसांत बरा व्हायचा, तीन आठवड्यांनी गुडघे सुजायचे, तेही उतरायचे, आणि हृदयाची झडप मात्र हळूहळू जाड होत जायची. संधिवाताच्या तापाची ही चाल. पंधरा-वीस वर्षांची मुलगी जिना चढताना धापा टाकू लागे, खोकल्यातून रक्त पडे, घरचे क्षय समजून बसत. लग्न होऊन दिवस राहिले की सगळे एकदम उघडे पडे, कारण गरोदरपणात वाढलेले रक्त त्या अरुंद झडपेतून पुढे जाईना. डाव्या बाजूची ही झडप, मायट्रल वॉल्व्ह, चांगली दोन बोटे जातील एवढी उघडायला हवी. ती शर्टाच्या काजाएवढी होऊन बसे.

यावरची शस्त्रक्रिया आजच्या तरुण डॉक्टरांनी बहुधा पाहिलेली नसेल, म्हणून जरा तपशिलात सांगतो. हृदय थांबवायचे नाही, उघडायचेही नाही. डाव्या बाजूने बरगड्यांमधून छाती उघडायची. डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीएवढा एक कप्पा असतो, त्याच्या तोंडाभोवती नाडीसारखा टाका घालायचा, कप्प्याला छेद द्यायचा आणि उजव्या हाताची तर्जनी आत घालायची. टाका बोटाभोवती आवळला की रक्त बाहेर येत नाही. डोळ्यांना काही दिसत नाही, जे काही कळते ते बोटाला. धडधडत्या हृदयात बोटाच्या टोकाला झडपेचे टणक ओठ लागतात, चिकटलेली सांध जाणवते, मागे फिरणारी धार आहे की नाही ते समजते. मग बोटाने, किंवा खालून आत सारलेल्या टब्ज डायलेटरने, ती सांध फाडायची. जास्त फाडली तर झडप गळू लागते, कमी फाडली तर मुलगी परत येते. लंडनच्या हेन्री सूटरने १९२५ मध्ये, म्हणजे केईएमच्या भिंती चढत होत्या त्या सुमारास, असे बोट पहिल्यांदा घातले होते. रुग्ण बरी झाली, पण सूटरकडे पुन्हा कोणा फिजिशियनने रुग्ण पाठवला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ती शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली आणि काही वर्षांतच सेनांनी ती परळला आणली.

यात एक क्षण असा असे की हृदयाचा सर्जनही मेंदूचाच विचार करी. अरुंद झडपेमागे रक्त तुंबते, कर्णिका फुगते, तिची लय बिघडून ती नुसती थरथरत राहते, आणि त्या कानाएवढ्या कप्प्यात रक्ताची गुठळी धरते. बोट घालताना ती सुटली तर सरळ मेंदूत जाणार. म्हणून आधी कप्प्यातून रक्ताची एक चिळकांडी मुद्दाम बाहेर उडू द्यायची, गुठळी असेल तर तिच्याबरोबर निघून जावी, आणि नेमक्या त्या वेळी भूलतज्ज्ञाने मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या बोटांनी दाबून धरायच्या. काही सेकंद मेंदूची वाट बंद. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या अभ्यासातून आकडे आले. कर्णिकेची लय अशी बिघडली की पक्षाघाताचा धोका पाचपटींहून जास्त वाढतो, आणि जोडीला संधिवाताने खराब झालेली झडप असेल तर सतरापट. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे लोक आकडे येण्याआधीच ते ओळखून होते.

याच काळात सेनांच्या डोक्यात सापाचे हृदय शिरले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू सच्छिद्र असतो, कप्प्यातले रक्त थेट त्यात झिरपते. मग रोहिणी तुंबलेल्या माणसाच्या हृदयालाही सुईने बारीक भोके पाडून तसेच रक्त पाजता येईल का? आधी कुत्र्यांवर, मग काही रुग्णांवर हा प्रयोग झाला. १९६५ साली सेन, उडवाडिया, किणरे आणि परुळकर यांनी तो अमेरिकेच्या छातीशस्त्रक्रियेच्या प्रमुख नियतकालिकात छापला. भोके काही दिवसांत बुजतात असे दिसले. वीस-पंचवीस वर्षांनी तीच कल्पना लेसरची भोके होऊन परतली, मोठ्या यंत्रांवर, मोठ्या किमतीत, आणि पुन्हा बरीचशी मावळली. चुकलेली कल्पना म्हणून तिला वगळू नये असे मला वाटते. महापालिकेच्या रुग्णालयात, ओपीडीच्या गर्दीतून वेळ काढून कोणी सापाच्या हृदयाकडे इतक्या गंभीरपणे पाहत होते, हीच मोठी गोष्ट.

१९६८ ची ती रात्र या सगळ्यानंतरची. तिच्यामागे कुत्र्यांवरच्या प्रत्यारोपणांची अनेक वर्षे होती. बर्नार्डने केले म्हणून आपणही, असा तो मामला नव्हता. त्याच वर्षी इथे दुसरे प्रत्यारोपण झाले, तेही काही तासांपुरतेच यशस्वी. जगभर त्या एका वर्षात शंभरावर प्रत्यारोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण गेले. शरीर परके हृदय नाकारते, आणि त्यावर भरवशाचे औषध तेव्हा नव्हते. आणखी एक अडचण मेंदूचीच. हृदय चालू असताना माणूस मेला असे केव्हा म्हणायचे? हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले ते १९६८ च्या ऑगस्टमध्ये, सेनांच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. आपल्याकडे कायदा व्हायला १९९४ उजाडले, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. केईएममध्ये ते पुन्हा झाले २०२४ च्या जुलैमध्ये. मध्ये छप्पन्न वर्षे गेली.

सेनांच्या विभागाने मागे ठेवलेले दुसरे काम कमी गाजलेले. १९७३ साली किणरे, केळकर, परुळकर यांच्यासह त्यांनी एक पुस्तक काढले, १०१ रुग्णांच्या अभ्यासावर. रोग असा की तरुण स्त्रीच्या एका मनगटाला नाडीच लागत नाही. महारोहिणी आणि तिच्या फांद्या सुजून आतून आकसत जातात. मूत्रपिंडाची रोहिणी आकसली की रक्तदाब भयंकर चढतो, मानेची आकसली की चक्कर, अंधारी, आणि पंचविशीत अर्धांगवायू. हृदयाच्या डॉक्टरने दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यावा, नुसता एका हाताचा नव्हे, ही साधी सवय अशा रुग्णांनीच इथल्या पिढ्यांना लावली.

ऐंशीच्या दशकानंतर चित्र पालटले. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, आणि रांगेतला रुग्ण डोंबिवली-नालासोपाऱ्याहून लोकल पकडून येऊ लागला. संधिवाताची झडप मागे पडली, मधुमेह आणि तुंबलेल्या रोहिण्या पुढे आल्या. सर्जनच्या बोटाची जागा जपानच्या कांजी इनोए यांच्या फुग्याने घेतली, मांडीतून नळी नेऊन झडप उघडणारा. स्टेंटची किंमत केंद्र सरकारने २०१७ मध्ये बांधून दिली, औषध चढवलेल्याची तीस हजारांच्या आत. त्याआधी मेडिकल सोशल वर्करच्या टेबलाशी नातेवाइकांचा अर्धा दिवस जाई. हा ट्रस्ट, ते मंदिर, अमक्याचे पत्र. पुढे जनआरोग्य योजनेने ती धावपळ बरीच कमी केली.

ज्यांची झडप बदलली किंवा लय बिघडली त्यांचे खरे आयुष्य मात्र ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, दर महिन्याच्या आयएनआरमध्ये, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीत असते. ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणजे एसिट्रॉम किंवा वॉर्फरिन. आकडा बहुतेकांचा दोन ते तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव, आणि दोन्हींचा शेवट मेंदूत होऊ शकतो. एका आठवड्यात रोज मेथी-पालक आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे केले तरी आकडा हलतो. भाजी सोडायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते, हे दर वेळी नव्याने सांगावे लागते. रक्त तपासायची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या आल्या आहेत. पण संधिवाताच्या झडपेबरोबर लय बिघडलेली असेल तर जुनीच गोळी बरी, असे २०२२ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून दिसले. तरुण रुग्णाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन असते. ते दुखते, दोन दिवस बसता येत नाही, आणि म्हणून चुकवले जाते. या रोगातला खरा विजय त्या दुखऱ्या इंजेक्शनचा आहे. त्याची तारीख कोणत्याही स्मरणिकेत नाही.

पक्षाघाताच्या उपचाराने तर घड्याळच मध्ये आणले. ‘उजव्या अंगावरून वारं गेलं’ असे म्हणत रुग्ण आणला जाई, तेव्हा बहुधा दुसरा-तिसरा दिवस असे. मध्ये मालिश, कुठे कबुतराचे रक्त चोळणे झालेले असे. १९९५ साली अमेरिकेत गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग सिद्ध झाला, पण तीन तासांच्या आत. २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ पासून मोठी गुठळी नळीने ओढून काढता येऊ लागली. तेव्हापासून कॅज्युअल्टीतला पहिला प्रश्न बदलला. काय झाले, याऐवजी शेवटचे धडधाकट कधी पाहिले? ‘सकाळी उठले तेव्हाच तोंड वाकडं होतं’ असे उत्तर आले तर घड्याळ सकाळपासून नव्हे, रात्री झोपले तेव्हापासून धरायचे. मग साखर, लगेच सीटी स्कॅन. रक्तस्राव आहे की गुठळी ते कळल्याशिवाय औषध देता येत नाही, कारण एकाचे औषध दुसऱ्याचे विष. रोहिणी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, यांतले एक जरी दिसले तरी नातेवाइकाने फॅमिली डॉक्टरकडे न जाता सीटी असलेल्या रुग्णालयात यावे. एवढे जरी या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाच्या घरी पोचले तरी छपाईचा खर्च निघाला.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तिथून पुढचे काम केईएममध्ये फार लवकर सुरू झाले, आणि ते एका बाईच्या हट्टाने. न्यू जर्सीत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून कमलाबाई झाल्या. फलटणच्या बालभवनाला त्यांचेच नाव आहे. ऑक्युपेशनल थेरपी शिकून आलेल्या या बाईंनी १९५० साली केईएममध्ये तिची देशातली पहिली शाळा काढली. दोन-तीन वर्षांत, पोलिओच्या साथीनंतर, फिजिओथेरपीची शाळाही इथेच आली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला उभे करतो, चालवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारते, घरी तुम्ही काय करता? पोळ्या लाटता? मग लाटणे. लाटण्याला दोन्ही हात लागतात, त्यामुळे बरा हात लुळ्या हाताला ओढून नेतो. पाट्यावर शेंगा निवडणे, पुढून गुंडीचे पोलके घालणे, धोतर सोडून नाडीऐवजी इलॅस्टिकची विजार, पकडायला सोपे म्हणून चमच्याच्या दांड्याला गुंडाळलेले फडके.

उजवी बाजू गेलेल्या माणसाची एक अडचण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. डाव्या हाताने जेवायला शिकवावे लागते, आणि रुग्ण नाही म्हणतो. लाज वाटते, घरातले वडीलधारे नाराज होतात, आणि वाचाही गेलेली असल्यामुळे त्याला कारण सांगता येत नाही. मग थेरपिस्ट रुग्णाला बाजूला बसवून आधी त्याच्या सासूला किंवा आईला शिकवते. घास कसा करायचा, ताट कुठे ठेवायचे, आणि मध्येच ‘उजवा, उजवा’ म्हणायचे नाही. डिस्चार्जच्या कागदावर हे कुठे लिहिलेले नसते, तोंडी सांगितले जाते, आणि पुढच्या तपासणीला घरच्यांना पुन्हा विचारले जाते.